एक कॉन्फ्लिक्ट बाकी

लखनौला आलमबागच्या क्वार्टरमध्ये राहणारे नरहर आंबेकर रेल्वेत सिग्नलचे इंजिनिअर होते. सगळी नोकरी एकाच धाकात गेलेली: एका रुळावर दोन गाड्यांना वाट मिळता कामा नये. हा धाक ते घरीही आणत. शेगडीवरचं दूध उतरायच्या आत आमटीचं पातेलं तिच्याकडे निघालेलं पाहिलं, तरी त्यांचा जीव खालीवर होई.

चौऱ्याण्णव साली, पन्नाशीला टेकल्यावर, त्यांच्या डोक्यात कॉम्प्युटर शिरला. सिग्नलचे लेखी नियम त्याने वाचून तपासावेत, असं त्यांनी साहेबांना सुचवलं आणि काम अंगावर घेतलं. त्यासाठी 'याक' नावाचं साधन होतं. वाक्यं कशी असतील ते आपण लिहून द्यायचं, ती वाचणारा प्रोग्रॅम याक बनवून देतं. सोमवारी साहेबांना दाखवायचं होतं. नाही जमलं तर खात्यातला एकुलता एक कॉम्प्युटर हिशेबवाल्यांकडे जाणार होता.

आणि याक दर वेळी बजावी: एक कॉन्फ्लिक्ट. एका नियमात दोन 'जर' आणि एकच 'नाहीतर' आलं, की ते कुठल्या 'जर'ला जोडायचं, याच्या दोन वाटा होत्या.

"चला दीजिए सर," शेजारच्या टेबलावरचा इंद्रजित म्हणाला, "वो खुद चुन लेता है."

"खुद?" नरहर खुर्चीतून उठलेच. त्यांनी प्रोग्रॅम चालवलाच नाही. दुरुस्ती करायला गेले, तर एकाचे चार कॉन्फ्लिक्ट झाले. मग मुकाट्याने पहिलंच परत आणलं.

रविवारी त्यांचा चेहरा सुतकी होता.

"चला, अमीनाबादला पडदे आणायचेत," बायको, कांचन, म्हणाली.

"मला घरीच बसायचंय." मग त्यांनी सगळं रडगाणं ऐकवलं.

कांचनने विचारलं, "तुमचं मशीन कधी ही वाट धरतं, कधी ती?"

"नाही, नेहमी जवळच्याच 'जर'ला जोडतं."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

"तेच."

"मग अडलंय कुठे? आपल्या घरी तुमचं एक म्हणणं, माझं एक असतंच. होतं नेहमी माझंच. आत्ता काय होणार, ठाऊक आहे ना?"

नरहर चपला घालतच होते. रिक्षात त्यांना एकदम हसू फुटलं. फार दिवसांनी त्यांना हलकं वाटलं.

सोमवारी प्रोग्रॅम चालला, नियम वाचले गेले. पण त्याआधी स्क्रीनवर 'एक कॉन्फ्लिक्ट' उमटलेलं साहेबांनी पाहिलं होतं. तेही जुने सिग्नलवाले.

"आंबेकरजी, ये फ़ैसला कौन करेगा?"

"फ़ैसला पहले से तय है सर. घर में भी यही सिस्टम है."

साहेबांचंही लग्न झालेलं होतं. कॉम्प्युटर राहिला.