त्रिशलाआक्काची बस्ती

त्रिशलाआक्का लग्न होऊन निपाणीत आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. माहेर चिकोडीकडचं, शाळा कन्नड. आमच्या गल्लीत नळावर भांडून भांडून ती मराठी शिकली, आणि तेव्हापासून तिची पक्की समजूत आहे, की जरा मोठ्यानं बोललं की कुठलीही भाषा येते. हिंदीवर तर तिचा इतका विश्वास, की राजस्थानला निघताना गाईडचा विषयच निघाला नाही. जोधपूरपर्यंत रेल्वे, पुढं भाड्याची गाडी. चालवायला मी, कारण शेजारच्या पोराकडं लायसन्स आहे आणि नोकरी नाही, हे तिनं हेरून ठेवलेलं.

गाडीत आम्ही तिघंच. मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन जिनेंद्रआप्पा, तिचे यजमान. डब्यात चपाती आणि शेंगाचटणी, पण आक्काला खाता येत नव्हतं. देवाचं दर्शन घेतल्याशिवाय घास नाही, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. शिवाय जैनांचं जेवण दिवस बुडायच्या आत. बाडमेरहून जैसलमेरकडं आक्काच्याच घाईनं, देवळं उघडायच्या आधी निघालो. दर्शन वाटेत कुठंतरी घेऊ म्हणून. आणि वाटेत चाक वाळूत रुतलं. ते निघेपर्यंत दुपार कलली. त्यात आक्काला शुगर.

"अगं, एक दिस नेम मोडला तर देव काय कोर्टात न्हेत न्हाई," आप्पा मागून म्हणाले.

"तुमी गप बसा वो. चिन्म्या, थांबीव रं. त्या मेंढरंवाल्याला इचारूया." काच खाली झाली. "ओ भाई! बस्ती किधर है?"

आमच्याकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. निपाणीत कुणालाही विचारा. पण मेंढरंवाला निपाणीचा नव्हता. त्यानं काठीनं दाखवलं, "वो रही." खेजडीची झाडं आणि काट्यांचं कुंपण ओलांडून गेलो, तर पाच-सहा गोल झोपड्या आणि शेळ्या. एका म्हातारीनं कौतुकानं ताक आणलं. आक्कानं हात जोडून ते परत केलं आणि विचारलं, "भगवान किधर है?"

म्हातारीनं आभाळाकडं बोट केलं.

"कळस लईच उंच दिसतोय," मी म्हणालो.

"दात काढू नगंस. गाडी काढ."

असल्या आणखी दोन बस्त्या झाल्या. इतकी घरं फिरलो, की इलेक्शनला उभा असतो तर निवडून आलो असतो. शेवटी पिवळ्या दगडाचं एक जुनं गाव लागलं. कोरीव खिडक्यांच्या हवेल्या, निम्म्यांना कुलपं. एके काळी इथून उंटांचे तांडे सिंधकडं जायचे म्हणे. आक्काचं लक्ष मात्र भिंतीवर चढत चाललेल्या सावलीकडं. गाडीतून उतरताना तिला दाराला धरावं लागलं. आवाज होता तसाच. तिनं एका किराणा दुकानदाराला गाठलं.

"बस्ती किधर है?"

"यही तो बस्ती है, बहनजी. किसके घर जाना है?"

"पारसनाथ के."

"कौन पारसनाथ? सोनी?"

"सोनी नहीं जी! पार्श्वनाथ! भगवान पार्श्वनाथ!"

दुकानदारानं कपाळावर हात मारला. "अरे, तो मंदिर बोलो ना!"

मंदिर दुकानामागच्या बोळातच होतं.

आत गेलो आणि आप्पा उंबऱ्यातच थबकले. हे दोघं दिगंबर, मंदिर श्वेतांबर. मूर्तीच्या डोक्यावर मुकुट, चेहऱ्यावर वरून लावलेले चकाकणारे डोळे. निपाणीच्या बस्तीत असलं काही नसतं.

"अगं, हे आपल्यातलं न्हाई. नेमात बसतंय काय?"

आक्का मूर्तीकडं बघतच राहिली. डबा धरून आप्पा तिच्याकडं.

"सकाळधरनं हुडकत आलोय आपण," ती म्हणाली. "देवानं जरा डोळं लावून आमची वाट बघितली, तर तुमचं काय जातंय?"

तिनं हात जोडले, णमोकार मंत्र म्हटला आणि पायरीवर येऊन डबा उघडला. ऊन अजून समोरच्या हवेलीच्या वरच्या खिडकीत होतं. तिनं दोन चपात्या संपवल्या. मग म्हणाली, "त्या म्हातारीला ताक ठेवायला सांगायला पायजे होतं बघ."

दुसऱ्या दिवशी जैसलमेरात शिरताना मी म्हणालो, "आक्का, आज मी इचारतो."

"तू गप गाडी चालीव." काच खाली झाली. "ओ भाई! पारसनाथ किधर रहते हैं?"

रिक्षावाल्यानं सरळ वर हात केला. "ऊपर, किले के मंदिर में."

काच वर झाली.

"बघितलंस?" आक्का म्हणाली. "आनि म्हणं मला हिंदी येत न्हाई."