वाकडं वाक्य

कंपनीची बस नगर नाक्यावरून वाळूजकडं वळली होती, तेव्हा मोबाईलवर बातमी आली. ज्येष्ठ पत्रकार रशीदभाई यांचं हृदयविकारानं निधन. चार ओळी आणि एक जुना फोटो... शेजारच्या सीटवरच्या सहकाऱ्यानं मान वाकवून स्क्रीन बघितली. "कोण व्हते? वळखीचे का?" "नाय," मी सांगितलं, "पेपरात नाव वाचलं होतं कधीतरी." आणि खिडकीकडं तोंड फिरवलं. ज्या माणसानं माझं नाव कुणालाही सांगितलं नाही, अगदी स्वतःच्या बायकोलाही नाही, त्याची ओळख मी एका शब्दात नाकारली. त्यांना हेच बरोबर वाटलं असतं, हे मला ठाऊक आहे. तरी महिना होऊन गेला, तो 'नाय' घशाखाली उतरत नाही.

रशीदभाई मूळचे पैठणचे. शहरातल्या एका मराठी दैनिकात त्यांची उभी हयात गेली. मराठीत एम.ए., तेही पहिल्या वर्गात. "माझं नाव बघून लोक मला उर्दू पेपरवाला समजतात," असं सांगून ते हसायचे, "मग मी त्यांना ज्ञ आणि द्न्य यातला फरक समजावतो." माझी गोष्ट साधी. आई-वडील वीटभट्टीवर, आमच्या घरात कॉलेजची पहिली पदवी माझी. केमिस्ट्रीची. तिच्या जोरावर एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत कंत्राटी नोकरी मिळाली. काम एवढंच, नाल्यात सोडायच्या पाण्याची तपासणी. तिथं पहिल्याच आठवड्यात साहेबांनी शिकवलं की आलेला आकडा वेगळा आणि लिहायचा आकडा वेगळा. नाल्याच्या खालच्या अंगाला विहिरी होत्या. तिथल्या बायकांच्या हातांना फोड यायचे. मी आलेले आकडे एका वहीत उतरवून ठेवले आणि एक दिवस पेपरातल्या नंबरवर फोन लावला.

आमची पहिली भेट सिद्धार्थ उद्यानातल्या बाकावर झाली, भर दुपारी, शाळेच्या सहलीच्या गोंगाटात. त्यांनी वही पानापानाने वाचली. मग विचारलं, "तुमच्या लॅबमध्ये माणसं किती?" "पाच." "बायका किती, पुरुष किती, ते मला सांगू नका. मला माहीत नसलेलं माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही." मला हसू आलं. समोर बसलेलं माणूस बाई की पुरुष हे तर त्यांना दिसतच होतं! तेही हसले. "एक दिसलं, त्याला इलाज नाही. बाकीचे चार तरी राहू द्या."

बातमी पहिल्या पानावर आली. आकडे चोख, गावांची नावं चोख. पण मधलंच एक वाक्य असं होतं: 'खोटा आकडा लिहून घरी जाणे झाल्यावर जेवण गोड लागत नाही, असे प्रयोगशाळेतून सांगणे झाले.' हे माझंच बोलणं, पण किती वाकडं! पदवीचा तोरा होताच. मी फोन करून सुनावलं, "रशीदभाई, बातमी झकास, पण व्याकरणाची पार माती केलीत की. 'जाणे झाल्यावर' म्हणजे काय?" मग ते अगदी सावकाश बोलले, शाळेतल्या मास्तरांसारखे. "सरळ लिहून बघा. 'घरी गेलो' लिहायचं की 'घरी गेले'? 'म्हणाला' लिहायचं की 'म्हणाली'? आपल्या मराठीत क्रियापदच चुगली करतं. एका अक्षरानं पाचातले अर्धे सुटतील आणि उरलेल्यांच्या मागं लागतील. बाईचं पुरुष किंवा पुरुषाची बाई असं उलटं लिहिलं असतं तर निभावलं असतं, पण मग ते खोटं झालं असतं. खोट्या आकड्याची बातमी खोट्या वाक्यानं कशी लिहू?"

(हा लेखही त्यांच्याच रीतीनं लिहिलाय. कुठं वाक्य अडखळलं असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. तो कारखाना अजून चालू आहे.)

डेस्कवरच्या माणसानं ते वाक्य सरळ करायला घेतलं होतं. रशीदभाईंनी प्रूफवर हात ठेवला. "वाकडंच राहू द्या." त्याला कारण सांगणं म्हणजे निम्मं गुपित फोडणं. म्हणून म्हणाले, "मला असंच येतं." झालं! ऑफिसला खेळ मिळाला. "रशीदभाई, चहा पिणे झाले का?" "झाले," ते उत्तर द्यायचे, "आता तुमचे उठणे व्हावे." हे सगळं त्यांनी मला फोनवर हसत हसत सांगितलं. पण पहिल्या वर्गातल्या एम.ए.ला 'शेवटी यांचं मराठी ते यांचं मराठी' हे ऐकून घेताना काय होत असेल... मी कधी विचारलं नाही.

दोन आठवड्यांनी, सकाळी ऑफिसला जाताना, त्यांची स्कूटर दोघांनी अडवली. प्रश्न एकच होता, "कुणी दिलं?" उजवा हात मनगटात मोडला. पुढं पोलीस चौकशीला बोलावणं आलं, तिथंही तेच विचारलं. पेपरच्या मालकांनीही केबिनमध्ये बोलावून तेच विचारलं. तिन्हीकडं त्यांनी एकच सांगितलं, "आठवत नाही." मग त्यांच्याकडून उद्योगाच्या बातम्या काढून घेतल्या आणि कार्यक्रमांच्या यादीचं 'शहरात आज' हे सदर दिलं. पत्रकारांच्या सुरक्षेवर भाषणं होतात, ती मीही ऐकली आहेत. मला त्यातलं एवढंच कळतं की मनगट त्यांचं मोडलं आणि बोलणं आमचं थांबलं. लॅबमध्ये आणखी दोघांकडं सांगण्यासारखं होतं. त्यांनी त्यानंतर पाण्याचा विषयही काढला नाही.

मग भेटी बंद. फोनही बंद. शेवटचं दर्शन पैठणच्या एस.टी.त. ते दोन सीट पुढं होते. मला बघितलं, ओळख दाखवली नाही. कंडक्टर आल्यावर मात्र गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, आपली माणसं नोकरीला आहेत, खाऊन-पिऊन सुखी आहेत, एवढं डोळ्यानं दिसलं की तिकीट वसूल." कंडक्टर गोंधळला. "चाचा, उतरायचं कुठं ते सांगा." मला पैठणपर्यंत त्यांची फक्त पांढरी मान दिसत राहिली. हाक मारायची लई इच्छा होती...

शोकसभेत मला शेवटच्या रांगेत जागा मिळाली. एक वक्ते म्हणाले, "भाषा जरा कच्ची होती, पण माणूस सोन्यासारखा." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या मुठी आवळल्या, पण उठून बोलायची सोय नव्हती. म्हणून पुढच्या रविवारी मी त्यांचं घर गाठलं, शहागंजच्या मागच्या गल्लीत. मनाशी ठरलं होतं, भाभींना नाव सांगून टाकायचं. हात मोडला तेव्हा त्यांनी रशीदभाईंना महिनाभर घास भरवला होता. त्यांचा तेवढा हक्क होता.

"त्या पाण्याच्या बातमीतलं..." एवढंच माझ्या तोंडून निघालं आणि भाभींनी हात वर केला. "नाम-वाम कुछ नक्को, बेटा. उनो मेरेकू नहीं बताए, तो मैं कैसे सुनूँ? एक बात बोलो बस. तुमने तो कॉलेज किया है ना? मय्यत के दिन भी लोगां बोल रहे थे, इनकी मराठी कच्ची थी. सच है क्या?"

भिंतीशी त्यांची लिहायची बैठक तशीच होती. कात्रणांची फाईल मी मागून घेतली आणि ती बातमी शोधली. भाभींना मराठी वाचता येत नाही, समजतं. ते वाक्य मी आधी सरळ करून म्हणून दाखवलं, दोन्ही तऱ्हांनी, बाई बोलल्यासारखं आणि पुरुष बोलल्यासारखं. मग त्यांचं, जसं छापलं तसं. "भाभी, सरळ लिहिणं कुणालाही जमतं. हे असं लिहायला मराठी लई पक्की लागते."

भाभींनी तिन्ही वाक्यं ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्या मध्येच थांबल्या. ते वाक्य काय झाकून होतं, हे त्यांना कळलं होतं. मग त्यांनी मान वळवली आणि माझं जाणं होईपर्यंत माझ्याकडं एकदाही बघितलं नाही.