स्क्रीन बंद ठेवून भरलेला अर्ज

सोळाव्या वर्षी मी दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं. लहानपणी गोवरात माझे डोळे गेले होते. नागपूरच्या अंधशाळेतून दहावी होऊन मी घरी परतले, तेव्हा घरात नुसतं बसून राहायचं नाही एवढं माझं पक्कं ठरलं होतं. आई मला हाताला धरून तिथे घेऊन गेली, पण दारातच तिचा धीर सुटला. इन्स्टिट्यूट चालवणाऱ्या चाचांना ती म्हणाली, "इले दिसत नाही जी. शिकन काय हे?"

चाचा म्हणाले, "भाभी, बटनाकडं पाहून टाईप करन त्याच्या बोटावर मी पट्टी मारतो. तुमच्या पोरीले तर पट्टीचं भेवच नाही."

वर्षभरात माझा वेग सगळ्यांच्या पुढे गेला. चाचांनी नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. पुढे टाइपरायटर बंद पडत गेले, त्यांच्या जागी कॉम्प्युटर आले, आणि सरकारी दाखले, अर्ज, पीकविमा हे सगळं ऑनलाइन व्हायला लागल्यावर चाचांनी इन्स्टिट्यूटचंच ऑनलाइन केंद्र करून टाकलं. त्याआधी त्यांनी मला नागपूरला पाठवून स्क्रीन रीडर शिकून यायला लावलं. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. मी कानात हेडफोन घालते, ते बोलतं, आणि मी टाईप करते. माउस मला लागत नाही.

केंद्रात पहिल्या दिवशी एका शेतकऱ्यानं माझ्यासमोरच चाचांना विचारलं, "माहा फॉर्म ह्या बाईच्या हाती काहून दिला?" मी त्याला आधारचा नंबर सांगायला लावला आणि म्हटलं, "काका, बारा आकडे पायजेत. तुम्ही अकराच सांगतले." त्यानं कार्ड पुन्हा पाहिलं आणि नंबर नीट सांगितला. पुढच्या वेळी आला तेव्हा चाचांना बाजूला सारून सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसला.

पण एक गोष्ट मला खटकत होती. स्क्रीन रीडर वाचतं ते पानावर कोणी नीट लिहून ठेवलेलं असेल तरच. प्रत्येक रकान्याला, प्रत्येक बटनाला पडद्यामागे एक नाव द्यावं लागतं. साईट बनवणाऱ्यानं ते दिलं नसेल, तर माझ्या कानात नुसतं "बटन, बटन, बटन" ऐकू येतं. त्यातलं 'जमा करा' कोणतं आणि 'रद्द करा' कोणतं, हे कळायला मार्ग नाही. शेवटी ती वाकडीतिकडी अक्षरं. आपण माणूस आहोत, मशीन नाही, हे सिद्ध करायला ती ओळखून टाकावी लागतात. माझं सॉफ्टवेअर तिथे फक्त "चित्र" म्हणायचं. मग मी हाक मारायची, "चाचा, कोड!" चाचा हातातलं काम टाकून यायचे, अक्षरं सांगायचे. अख्खा अर्ज मी भरायचा आणि कुलूप मात्र दुसऱ्यानं उघडायचं. काही वर्षं मी ते चालवून घेतलं.

मग ते फवारणीचं वर्ष आलं. त्या हंगामात कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती आणि अळी आवरत नव्हती. औषध मारताना मजूर चक्कर येऊन पडू लागले. गावागावांतून माणसं यवतमाळच्या दवाखान्यात नेली जात होती. काही परत आलीच नाहीत. केंद्रात येणारा प्रत्येक जण कोणा ना कोणाबद्दल सांगायचा. पुढे बोंडअळीनं उरलासुरला कापूसही नेला.

उन्हाळा लागला तेव्हा जवळच्या तांड्यावरचा एक माणूस बायकोसोबत केंद्रात आला. आवाजावरून तिशीपस्तिशीचा वाटला. फवारणीनंतर त्याचा एक डोळा पूर्ण गेला होता, दुसऱ्याला नुसता उजेड कळत होता. दिव्यांगाच्या दाखल्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करायची होती. बायकोला लिहिता-वाचता येत नव्हतं. तो मात्र बारावी शिकलेला होता. आजवर तांड्यातल्या लोकांचे कागद तोच वाचून द्यायचा.

मी त्याची माहिती विचारायला लागले. तो तुटक उत्तरं देत होता. मधेच चिडून म्हणाला, "मॅडम, तुमाले काय समजते? दिसत नसलं का माणूस मातीतच जाते."

मी म्हटलं, "मलेही दिसत नाही, भाऊ."

त्याची बायको हळूच त्याला म्हणाली, "खरं हाय. त्या स्क्रीनकडं नाही पाहत, भितीकडं तोंड करून टाइप करून राह्यल्या."

"कवापासून?" त्यानं विचारलं.

"तीन वर्षांची होती तवापासून."

मग त्याचा सूर बदलला. मॅडम सोडून तो मला बाई म्हणू लागला. त्यांच्या गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बाई म्हणजे बहीण. मी हेडफोन काढला आणि स्पीकर चालू केला, म्हणजे त्यालाही ऐकू यावं. नाव, वय, पत्ता झाला. जन्मतारखेशी आम्ही अडकलो. तारीख टाईप करू देत नव्हतं; एक छोटं कॅलेंडर उघडायचं आणि त्यातली तारीख माउसनंच निवडावी लागायची. चाचा दुपारच्या नमाजला गेले होते. चाचा आले, तारीख निवडली, तोवर साईटनं वेळ संपल्याचं सांगून आम्हाला बाहेर काढलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग कोड. मग पुन्हा "बटन, बटन".

तो हसायला लागला. त्या हसण्यात गंमत नव्हती. "बाई," तो म्हणाला, "हा फॉर्म कोनासाठी बनवला यायनं? ज्याले दिसते त्याले हा दाखला कायले पायजे?"

चाचांच्या मदतीनं नोंदणी झाली, पण त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मी "चाचा, कोड!" म्हणत आले होते, आणि ती माझीच उणीव आहे असं मनात कुठेतरी धरून बसले होते. चूक त्या पानाची होती. ती दुरुस्त होण्यासारखी होती. हे एकदा स्वच्छ कळल्यावर मला फार बरं वाटलं, अंगातलं ओझं उतरल्यासारखं.

मी साईटवरच तक्रार टाकली. दोन दिवसांत उत्तर आलं: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." काहीही बदललं नव्हतं. मी आणखी एक टाकली. तीही निकाली निघाली. मग मी तक्रारी करणं सोडून यादी करायला बसले. कोणतं पान, कितवं बटन, मला काय ऐकू येतं आणि काय ऐकू यायला हवं, असं एकेक करत चार पानं भरली. चाचांनी त्यांची प्रिंट काढली आणि म्हणाले, "चल, यवतमाळले जाऊ."

तांड्यावरच्या भावाला मी फोन केला. तोही यायला तयार झाला. आम्ही तिघं एसटीनं गेलो. कलेक्टर ऑफिसमध्ये बरंच बसावं लागलं, पण ऑनलाइन सेवांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यानं शेवटी आत बोलावलं. आवाज तरुण होता, बोलणं पुण्याकडचं. त्यानं यादी चाळली असावी, कारण पानांचा आवाज आला.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे," तो म्हणाला, "पण साईट मुंबईहून चालते. आम्ही इथून काही करू शकत नाही. आणि दिव्यांगांसाठी मदतीला माणूस असतोच की केंद्रावर."

"सर, तुमचा पगार बँकेत जमा झाला की पासबुक शेजाऱ्याकडून वाचून घेता का?" मी विचारलं.

चाचांनी माझ्या दंडाला हात लावला, म्हणजे सांभाळून बोल. मी आवाज खाली आणला, पण थांबले नाही. "सर, मी माझा लॅपटॉप आणलाय. पाच मिनिटं द्या. स्क्रीन बंद ठेवून हाच फॉर्म तुम्ही भरून पाहा."

तो हसला. पण नाही म्हणाला नाही. मी त्याला कानाला लावायला हेडफोन दिला, ब्राइटनेस पूर्ण उतरवला आणि एका रकान्यातून पुढच्यात नेणारं टॅबचं बटन कुठे आहे ते सांगितलं. सुरुवातीला तो मोठ्यानं बोलत होता. "हां, नाव. हे बरोबर वाचतंय. पत्ता. ठीक." मग टॅब दाबल्याचा खटखट आवाज तेवढा येत राहिला. थोड्या वेळानं तो स्वतःशीच म्हणाला, "बटन. बटन. अरे, कुठलं बटन?"

तांड्यावरचा भाऊ माझ्या शेजारून बोलला, "सर, आमाले पण असंच झालतं."

अधिकाऱ्यानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "मला तारीख टाकता आली नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता हसू नव्हतं. "मी इंजिनीअर आहे."

त्यानं चहा मागवला आणि पुढचा तासभर माझी यादी माझ्याकडून समजून घेतली. कोणत्या रकान्याला काय नाव हवं, कोड ऐकवायची सोय कशी असते, वेळ संपायच्या आधी सूचना कशी द्यायची. काही गोष्टी त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होत्या. त्यानं कधी त्या कानानं ऐकल्या नव्हत्या, इतकंच.

काम लगेच झालं असं नाही. पत्रं गेली, आठवणीची पत्रं गेली. पावसाळा लागला आणि संपत आला. एक दिवस त्याच अधिकाऱ्याचा फोन आला, की मुंबईची टीम व्हिडिओ कॉलवर येणार आहे, मी बोलावं. त्या कॉलवर साईट लिहिणारी एक मुलगी होती. ती आधी घाबरत घाबरत बोलत होती, तिचं काही बोलणं माझ्या मनाला लागेल अशी तिला भीती वाटत असावी. मी म्हटलं, "ताई, मला वाईट वाटणार नाही. तुम्ही दुरुस्त करा, मी ऐकून सांगते." त्यानंतर आमचं छान जमलं. ती एक पान दुरुस्त करून पाठवायची, मी तपासून कळवायची. एकदा तिनं सगळ्या बटनांना नावं दिली, पण स्क्रीन रीडरचा इंग्रजी आवाज मराठी नावं अशी काही वाचायचा, की केंद्रात सगळे पोट धरून हसले. तेही तिनं नीट केलं.

दिवाळीनंतर एका सकाळी मी दुसऱ्या एका बाईचा अर्ज भरायला घेतला. तारीख टाईप केली, ती घेतली. कोडच्या जागी "ऐका" असं बटन होतं. मी दाबलं, आकडे ऐकले, टाकले. "जमा करा" असं स्वच्छ ऐकू आलं. मी एंटर दाबलं आणि नोंदणी क्रमांक कानात वाचला गेला. चाचा सवयीनं माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. "कोड सांगू का?" त्यांनी विचारलं.

"झालं, चाचा," मी म्हटलं.

ते माझ्या डोक्यावर हात ठेवून काउंटरकडे परत गेले.

तांड्यावरच्या भावाला दाखला मिळाला. त्याच्या मोबाइलमध्येही बोलणारं सॉफ्टवेअर होतंच, फक्त ते चालू करून द्यायचं होतं. आठवडी बाजाराच्या दिवशी तो केंद्रात यायचा आणि मी त्याला शिकवायची. बोट कसं फिरवायचं, दोनदा कधी टेकवायचं. पहिल्या महिन्यात त्यानं दोनदा मोबाइल आदळायचा बाकी ठेवला. आता तांड्यातले लोक पुन्हा त्याच्याकडे कागद घेऊन जातात. कागदाचा फोटो काढला की मोबाइल तो वाचून दाखवतो.

मला वाटायला लागलं होतं की या कामातलं आपल्याला आता बरंच कळतं. मग गेल्या हिवाळ्यात एक जोडपं केंद्रात आलं. दार उघडल्याचं, खुर्च्या सरकल्याचं ऐकू आलं, पण बोलेना कोणी. मी दोनदा विचारलं, "काय काम होतं?" उत्तर नाही. हवेत हात हलल्यासारखी झुळूक लागली, बांगड्या वाजल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोघांनाही ऐकू येत नव्हतं. ते खुणा करत होते, त्या मला दिसत नव्हत्या. मी बोलत होते, ते त्यांना पोचत नव्हतं. आमच्याशिवाय केंद्रात दुसरं कोणी नव्हतं.

क्षणभर मी गोंधळले. मग एक कोरं पान उघडलं आणि मोठ्या अक्षरात टाईप केलं: "मला दिसत नाही. तुम्ही इथे लिहा. कॉम्प्युटर मला वाचून दाखवेल." कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला. बराच वेळ काही झालं नाही. मग एकेक बटन दाबल्याचा सावकाश आवाज आला आणि माझ्या कानात वाचलं गेलं: "बस पास पाहिजे. साईट फोन करते. आम्ही फोन ऐकत नाही."

म्हणजे त्या सेवेत अर्ज पक्का करायला फोन यायचा आणि त्यावर सांगितलेला आकडा ऐकून टाकावा लागायचा. हे इतकी वर्षं माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. मला तर ती सोय वाटायची. कोड ऐकवा, ऐकवा, म्हणून मीच भांडले होते.

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून अर्ज भरला. फोन वाजला, तो मी घेतला, आकडा ऐकला आणि पडद्यावर टाकला. नवऱ्यानं माझा हात धरून जोरात हलवला. त्याच्या बायकोनं कीबोर्ड ओढून घेतला आणि लिहिलं: "पण प्रत्येक वेळी तुम्ही?"

मी लिहिलं, "नाही." आणि ते जायच्या आधीच नवीन पान उघडून यादीला सुरुवात केली. एक नंबर: आकडा मेसेजनंही पाठवा.