तळघरातला कोलम

सन २०२२. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. तिरुवैयारुजवळ कालव्याच्या कडेला मुलानं नवं घर बांधायला घेतलं आणि मी तळघरासाठी अडून बसलो. मी वीणा कोरणारा माणूस, शाळा तिसरीपर्यंत. फणसाचं लाकूड उन्हाळ्यात वर ठेवलं तर तडकतं, ओलीत ठेवलं तर कुजतं. त्याला गार आणि कोरडी जागा लागते.

मुलगा म्हणाला, "अप्पा, कालव्याला पाणी आल्यावर खाली ओल दिसली, तर वाळू टाकून बुजवणार. मग बोलायचं नाही."

मी हो म्हटलं. मी काय हरणार होतो?

मेहुणा यायचा तो टोमणे मारायलाच. "भावजी, विहीरच बांधताय तर राहाटही बसवा की!"

भिंतींना बाहेरून डांबर द्यायचं होतं. भिंत पायावर उभी राहते तिथं काटकोनी कोपरा होता. मेस्त्री म्हणाला, "मालक, डांबर सगळं झाकतं."

"कोपऱ्यात थर दुमडतो, दुमडला की फाटतो. वीणेच्या पोटाला कुठं कोपरा असतो का?" असं म्हणून मी स्वतः खड्ड्यात उतरलो. घराच्या चारी बाजूंनी सिमेंट भरून तो कोपरा हातानं गोल केला. वरून बायको ओरडत होती, ओरडू दिलं. मग डांबराचे दोन हात, त्यावर उन्हाची धग अडवायला थर्माकोलचे जाड तक्ते, मग खडी, मग माती.

कालवा भरला, शेतं पोटरीभर पाण्यात गेली. बायकोनं तळघराच्या जमिनीवर तांदळाच्या कोरड्या पिठाचा मोठा कोलम, म्हणजे आमच्याकडची रांगोळी, काढला. म्हणाली, "आता पीठच सांगेल."

दोन दिवसांनी संध्याकाळी सगळे खाली उतरलो. मेहुणा पुढं. "गेला! अर्धा कोलम गेला! ओल आली, भावजी!"

मी खाली बसून पाहिलं. भिंतीकडे मुंग्यांची रांग चालली होती, एकेक कण घेऊन. उरलेलं पीठ चिमटीत घेतलं, मेहुण्याच्या तळहातावर ठेवलं आणि फुंकलं. सगळं त्याच्या मिशीवर उडालं.

"ओलं पीठ असं उडतं का रे?"

मुलगा हसला. "आणा अप्पा, लाकूड आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेहुण्याच्या दारात जाऊन त्याला उठवलं. फणसाच्या सगळ्यात जड ओंडक्याचं एक टोक त्याच्या खांद्यावर दिलं, दुसरं माझ्या, आणि आम्ही दोघं पायऱ्या उतरलो.