वाघाटीची पिल्लं कोणी उचलली

अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी चामटोलीत थोडी जमीन घेतली. शेजारच्या शेतातल्या मावशी तिथे लक्ष ठेवत. एका सकाळी आम्ही पेंढ्याची गंजी हलवत होतो. आत दोन पिल्लं निघाली, मुठीएवढी, अंगभर तांबूस ठिपके.

"बिबट्याची," मी म्हणालो.

"वाघाटीची हायेत, साहेब. हात नका लावू. आयस येल त्यांची."

"मावशी, पेपर मी वाचतो का तुम्ही?"

मी पिल्लं खोक्यात घालून बदलापूरला घरी आणली. दुपारपर्यंत अख्खी सोसायटी बिबट्याचे बछडे पाहून गेली. मग वनखात्याचा तरुण वनरक्षक आला.

"काका, ही वाघाटी. मोठी झाली तरी घरच्या मांजरीपेक्षा लहानच राहते. उचलली कोणी?"

त्याच्या हातात जबाबाचा कागद होता. "तिथल्या बाईंनी," मी म्हणालो.

संध्याकाळी पिल्लं टोपलीत घालून गंजीपाशी ठेवली. वनरक्षक गावकऱ्यांसमोर मावशींना बोलला, "आई आली नाही तर ही मरतील. अक्कल नाही का?" मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी टोपलीकडे पाहत राहिलो. जबाबाखाली त्यांचा अंगठा घेतला गेला.

गावकरी पांगले. आम्ही तिघं लांब बसून राहिलो. सूर्य टेकला आणि बांधावरून ती आली. ओंजळीत मावेल की काय, एवढीशी. वाळक्या पेंढ्यावर चालली, पण आवाज नाही. थांबून तिने आमच्याकडे पाहिलं. तीस वर्षं मी तापलेल्या बॉयलरांशेजारी वावरलो, पण असा जागच्या जागी कधी थिजलो नव्हतो.

मावशी कुजबुजल्या, "वाघाचं सगळं हाय तिच्यात, अंग तेवढं नाय. म्हणून वाघाटी."

तिने एक पिल्लू मानेला धरून नेलं. दुसऱ्यासाठी परत येईपर्यंत मी श्वास मोजत होतो. ती आली.

गावात आजही कोणी मावशींना चिडवतं, "काय गं, आज कोणाची पिलां उचललीस?" त्या हसतात. म्हणून लिहितो: पिल्लं मी उचलली. खोटं मी बोललो.

हे आधी त्यांनाच वाचून दाखवलं. ऐकून म्हणाल्या, "पारावर वाचा, सगळ्यांपुढं. आन् वाघाटीच्या कपाळावरच्या रेघा लिवल्या नाय तुम्ही."

रेघा होत्या. पांढऱ्या, डोळ्यांपासून वर गेलेल्या. आता लिहिल्या आहेत. रविवारी पारावर जाणार आहे.