एकोणीस किलोचं खोकं

आमच्या जिन्यात बातमी पसरली, की शेजारच्या वहिनींनी नवऱ्याच्या गोदामात जाऊन वजनकाटा फोडला. पसरवण्यात माझाही हातभार होता, नाकारत नाही. पण फोडलं काहीच नाही. कीबोर्डला बोटं लावली, एवढंच. मी तिथेच पॅकिंगला असतो. आ वासून बघत होतो.

वहिनी घरी बसून जुन्या यंत्रांचं कॉम्प्युटरशी जमवून देणारे प्रोग्रॅम लिहितात. घरात चमच्यांपेक्षा केबली जास्त. भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, गोदामातल्या, कॉम्प्युटरला जोडलेल्या काट्यावरचे कारकून. महिनाभर काटा अधूनमधून मुका व्हायचा. साहेबांनी ठरवलं, हाच मुद्दाम बंद पाडतो. दिली नोटीस: शनिवारपासून येऊ नका.

शुक्रवारी वहिनी तडक आल्या.

"अहो, काटा गप्प होतो तेव्हा त्याच्यावर काय असतं?"

"एकोणीस किलोचं खोकं. दर वेळी."

"मग सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. साहेब हसले."

साहेब आताही हसले. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ठेवा बरं एक एकोणीसचं." ठेवलं. काटा ठप्प! साहेबांचं हसू जागच्या जागी वाळलं. मला तर वाटलं, भुताटकीच की!

"भूत नाही, सेटिंग आहे," वहिनी म्हणाल्या. कॉम्प्युटरने विचारल्याशिवाय काटा वजन सांगत नाही, आणि सांगतो तो नुसता आकडा. पण काट्याची केबल लागते त्या पोर्टवर एकोणीस आकडा आला, की जुन्या नियमाने कॉम्प्युटरची सिस्टिम समजते, समोरचा 'थांब' म्हणतोय. मग ती विचारणंच बंद करते. ती विचारत नाही, हा बोलत नाही, रुसलेल्या नवराबायकोसारखं.

त्यांनी काट्याच्या प्रोग्रॅममध्ये सिस्टिमला मारायच्या दोन हाका लिहिल्या. पहिलीने सिस्टिमकडून पोर्टची चालू सेटिंग्ज मागवली, त्यातलं 'थांब' मानायचं तेवढं काढलं, दुसरीने बाकी सगळं जसंच्या तसं परत दिलं. वेगाला हात नाही, कशाला नाही. जेमतेम पाच ओळी!

तेच खोकं पुन्हा ठेवलं. पडद्यावर एकोणीस. नंतर वीस, अठरा, परत एकोणीस. काटा पोपटासारखा बोलायला लागला. भाऊंनी लगेच वजनं वहीत मांडायला घेतली.

"वहिनी, तुम्ही आमच्याकडेच कामाला का येत नाही?" साहेब म्हणाले.

"आधी यांची नोटीस फाडा. मग माझी मुलाखत घ्या."