शेवटच्या तासाची कार्डं

चित्राला देवाधर्माचं काही पडलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर कार्डांची गोष्ट ऐकली की लोक तिला साध्वी वगैरे समजायला लागतात, आणि मग माझं डोकं फिरतं. तिच्या घरात देव्हारा आहे, पण तो नवऱ्याचा. टीव्हीवरची धूळ पुसते तशी ती त्यातली पुसते.

सिडनीत पेंडल हिल स्टेशनपासून बसने दहा मिनिटांवर एक नर्सिंग होम आहे. तिथे मी रिसेप्शनला बसते आणि चित्रा केअरर आहे, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. नाशिकला ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. बारा वर्षांत रक्ताच्या नळीवरचं एक लेबल चुकलं नाही असं ती सांगते, आणि माझा विश्वास आहे. इथे त्या डिग्रीला कोणी विचारेना, म्हणून कोर्स करून या कामाला लागली. कुरकुर केली नाही. चूक मात्र तिला सहन होत नाही, आणि स्वतःची तर नाहीच नाही.

तशी एक चूक पहिल्याच वर्षी झाली. एक इटालियन आजी गेल्या. चित्राने डॉक्टरला फोन केला, मग मुलीला, मग चर्चला. फादर धावत आले, तर मुलगी म्हणाली, आता काय उपयोग, ते शेवटच्या आशीर्वादाचं तेल जिवंतपणी लावायचं असतं. आवाजसुद्धा चढवला नाही तिने. खुर्चीत बसून राहिली. चित्राला दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती रेघांच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आली आणि ज्याच्या त्याच्या घरच्यांना विचारत सुटली.

कॅथलिक असेल तर फादर आधी, डॉक्टर नंतर. मुसलमान आजोबांचा पलंग पश्चिमेकडे वळवायचा, आमच्या इमारतीत ती बाजू कार पार्कची. गेल्यावर आंघोळ घरची माणसं घालतील, आपण हात लावायचा नाही, आणि दफन होईल तितकं लवकर. ज्यू बाईंना क्षणभरही एकटं सोडायचं नाही. सरदारजींच्या हातातलं कडं काढायचं नाही. व्हिएतनामी ट्रान आजी बुद्धिस्ट, तर आठ तास त्यांना हलवायचं नाही, जप चालू ठेवायचा. हिंदू असेल तर गंगाजल, तुळशीचं पान, मोबाइलवर श्लोक. कीथ नावाचा एक ट्रक ड्रायव्हर होता, त्याच्या रकान्यात 'नो रिलिजन'. चित्राने त्यालाही सोडलं नाही. तो म्हणाला, "खिडकी उघड आणि रेडिओवर फुटी लाव, मेट." फुटी म्हणजे इथली फुटबॉल मॅच. तेही कार्डावर गेलं.

"एवढ्या सगळ्यांतलं खरं कोणाचं गं?" मी एकदा तिला छेडलं.

"ते मला काय माहीत? कोणाला कधी बोलवायचं ते माहीत आहे," ती म्हणाली आणि सँडविच खाऊ लागली.

जुलैत भास्कर पारगावकर आले. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले, शहात्तर वर्षांचे, हृदय थकलेलं. मुलगा कुशल आयटीत, आमच्या मराठी मंडळाच्या कमिटीवर. फॉर्म त्याने भरला, मी कॉम्प्युटरवर चढवला. रिलिजन हिंदू, जेवण व्हेजिटेरियन. खोटं कशाला बोलू, आडनाव ऐकल्यावर मी मनात हिशेब केलाच. गाव कुठलं, कोणाचे, कोणातले. आपल्याला ती खोड असतेच आणि सिडनीत येऊनही ती जात नाही. आडनावावरून काही कळेना, म्हणून मी आपली आमच्यातलेच असतील असं धरून मोकळी झाले. चित्रानेही तेच धरलं. जगातल्या सगळ्या धर्मांच्या चौकशा करणारी बाई, पण आपल्या माणसाला विचारायचं तिला सुचलं नाही. नेहमीचं हिंदू कार्ड तिने त्यांच्या फाइलला लावून टाकलं.

आजोबा गोड स्वभावाचे. डाळभात पुढे आला की शेजारच्याच्या ताटातल्या माशाकडे बघत बसायचे. गणपतीत चित्राने हिंदू रेसिडेंट्सच्या टेबलावर एकेक छोटी मूर्ती ठेवली. दुसऱ्या दिवशी यांची मूर्ती ड्रॉवरमध्ये, स्वच्छ रुमालात नीट गुंडाळलेली. चित्रा म्हणाली, विसरतात बिचारे. तिने ती परत टेबलावर ठेवली. संध्याकाळी परत ड्रॉवरमध्ये.

त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांची छाती भरली. नर्स म्हणाली, घरच्यांना कळवा. मी कुशलला फोन लावून खोलीत गेले तेव्हा चित्रा कार्डाप्रमाणे चमच्यात गंगाजल आणि तुळशीचं पान घेऊन उभी होती. आजोबांनी ओठ घट्ट मिटले. तिला वाटलं गिळता येत नाही. तिने चमचा पुन्हा नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

"पाणी द्या ताई," ते म्हणाले. "हे नको. नळाचं द्या."

तिने बेसिनच्या नळाचं पाणी आणलं. ते ग्लासभर प्यायले. मग थांबत थांबत बोलले. "मी बौद्ध आहे. छप्पन्न साली नागपूरला आईचा हात धरून उभा होतो, सात वर्षांचा. तिने शपथ घेतली, मीही मोठ्याने म्हटलं. ती मोडून मरायचं नाही मला."

आजोबा त्या दिवशी तरले. चित्राचा चेहरा मात्र पार उतरला. पँट्रीत येऊन म्हणाली, "निहारिका, मी त्यांच्या तोंडाशी दोनदा चमचा नेला गं." फॉर्म चढवला होता मीच.

कुशल आल्यावर तिने त्याला कॉरिडॉरमध्येच विचारलं. त्याने मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग म्हणाला, "पुण्यात कंपनीतल्या पहिल्याच दिवशी एकाने माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग गावातली गल्ली. त्यानंतर तो माझ्याबरोबर डबा खायला बसला नाही. इथे मला ते परत नकोय. मंडळात कोणाला माहीत नाही. माझ्या मुलीलासुद्धा नाही. प्लीज, फॉर्म आहे तसा राहू दे."

मला त्याचा राग आला, आणि राग करायचा मला काय हक्क, हेही लगेच कळलं. डबा न खाणाऱ्यांतलीच की मी, बसल्या बसल्या आडनाव चाळणारी.

चित्रा म्हणाली, "तुम्ही मंडळात काय सांगायचं ते तुमचं. मला कार्ड बरोबर हवंय."

आजोबांनी स्वतः सही केली. मी रकाना बदलला. बुद्धिस्ट म्हटल्यावर चित्रा ट्रान आजींचं कार्ड काढून त्यांना वाचून दाखवायला लागली, तर आजोबा हसले. "आठ तास कसले, ताई? आमच्यात तसं नाही. लिहून घ्या." आणि त्यांनी सांगितलं तसं तिने मराठीत लिहून घेतलं. पांढरे कपडे. उशाशी बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मेणबत्ती, पण ऑक्सिजन चालू असेल तर बॅटरीवरची चालेल. गंगाजल नाही, पिंड नाही, दहावं नाही. त्रिशरण आणि पंचशील म्हणायचं. ते पाली शब्द त्यांनी एकेक करून सांगितले आणि तिने दोनदा वाचून दाखवून तपासून घेतले. शेवटी म्हणाले, "हे कुशलने म्हणायचं. लहानपणी रोज म्हणायचा माझ्या शेजारी बसून. पाठ आहे त्याला." आणि जेवणाच्या रकान्यात मासे.

त्यानंतर कुशल यायचा, पण दारातूनच तब्येत विचारून निघायचा. आजोबा त्याला काही म्हणायचे नाहीत. तो गेल्यावर चित्राला विचारायचे, "म्हणेल ना तो?" चित्राला खोटं बोलता येत नाही. ती उशी नीट करायची.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी नर्सने मला खुणेने बोलावलं. श्वास लांब लांब पडत होता. कुशल आला होता, आणि नेमकं त्याच वेळी मंडळातलं एक जोडपं भेटायला आलेलं, शैलेंद्र आणि अंजू. अंजूने पर्समधून गंगाजलाची छोटी लोटी काढली. चांगल्या मनाची बाई आहे ती. "काकांना पाजा ना दोन थेंब," असं म्हणून तिने ती कुशलपुढे धरली.

कुशलने हात पुढे केला नाही, आणि नाहीही म्हणाला नाही. भिंतीला टेकून उभा राहिला. उशाशी दोन फोटो होते, ते अंजूला आता दिसले.

चित्राने बॅटरीची मेणबत्ती लावली, खिशातून कार्ड काढलं आणि वाचायला लागली. स्वच्छ, सावकाश, लॅबमधला रिपोर्ट वाचावा तसं. वंदना झाली. त्रिशरण सुरू झालं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीवर ती थांबली. कार्ड डोळ्यांजवळ नेलं, खिडकीकडे धरलं, पण पुढे काही जाईना. आजोबांचे डोळे मिटलेले होते आणि बोटं चादरीवर काहीतरी शोधत होती.

मग कुशलने तिसरी ओळ म्हटली. तिथेच, भिंतीपाशी उभं राहून. पुढची म्हणता म्हणता पलंगाजवळ आला, खाली बसला, वडिलांचा हात धरला, आणि पंचशील शेवटपर्यंत एकदाही न अडखळता म्हटलं, मोठ्याने, कॉरिडॉरमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. ग्लासातल्या नळाच्या पाण्यात कापूस बुडवून त्याने त्यांचे ओठ ओले केले. त्यांनी ते उघडले. अंजूने लोटी कधी पर्समध्ये ठेवली ते मी पाहिलं नाही. दहा मिनिटांनी आजोबा गेले.

शिफ्ट संपल्यावर आम्ही दोघी बस स्टॉपवर उभ्या होतो. मी विचारलं, "तू तिसऱ्या ओळीला अडलीस कशी गं?"

"अक्षर लागेना," चित्रा म्हणाली आणि बस येते का ते बघायला लागली.

कार्ड तिच्याच अक्षरात होतं.